धुक्यात मी वाजत राहिले

घंटेनं वाजावं, बोलू नये, असं तुम्ही म्हणाल. आयुष्यभर मी तेच केलं. पण त्या वाजण्यातून जे घडलं ते मला कुणालाही सांगता आलं नाही, म्हणून आज बोलतेय.

मी शिडाच्या बोटीवरची घंटा. उंची वीतभर, जात कांशाची, अंगावर ‘शिरीन’ हे बोटीचं नाव कोरलेलं. मुक्काम मात्र लोणावळ्यात, एका बंगल्याच्या व्हरांड्यात. इथून थोड्या अंतरावर घाटाच्या तोंडाशी कुरवंडे गाव आहे. त्या गावचा नथू बायकोला टाकून मुंबईला पळून गेला, असं इकडचे काही लोक अजून म्हणतात. तो पळाला नाही. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्याच्या शेवटच्या हाका माझ्यासाठी होत्या.

सुरुवातीपासून सांगते, म्हणजे नीट कळेल.

१९१९ साली माझगावच्या एका ओताऱ्यानं मला ओतलं. त्याच्या मुशीत फुटकी ताटं होती, नळाच्या तोट्या होत्या, आणि देवळातली एक तडकलेली घंटाही होती. माझ्या आवाजात जो भारदस्तपणा आहे तो देवळातला, आणि जो करकरीतपणा आहे तो तोट्यांचा, असं मी मानते. दुसऱ्या कुणी मानावं असा आग्रह नाही.

माझे मालक मेहेरवानशेट. मुंबईतले कापसाचे व्यापारी, पारशी गृहस्थ, मनानं उमदे पण हेकट. बायकोमुलं नव्हती. आईच्या नावानं त्यांनी ही बोट बांधून घेतली आणि सगळी माया तिच्यावर लावली. छापील नियमांवर त्यांची फार श्रद्धा. बोटीवर एक जाडजूड विलायती पुस्तक असे. भरती कधी, दिवा कुठला, घंटा किती वेळा, सगळं त्यात. बोट चालवायचा मात्र ताजुद्दीन तांडेल. तो कोकण किनाऱ्यावरचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं ते पुस्तक कधी उघडलं नाही. वाऱ्याकडे तोंड करून तो नुसता उभा राहायचा आणि मग शीड कुठे फिरवायचं ते सांगायचा.

शेटचे पाहुणे हा आमचा करमणुकीचा विषय होता. पांढऱ्या टोप्या घालून यायचे, बंदरात असेपर्यंत ‘वा, काय मौज’ म्हणायचे, आणि दीपस्तंभ मागे पडला की कठड्यावरून खाली वाकायचे. परत आल्यावर तेच लोक मित्रांना वादळाच्या गोष्टी सांगत. मी ऐकायची आणि गप्प राहायची.

पावसाळ्यात शिडाच्या बोटी समुद्रावर नसतात. ज्येष्ठात ‘शिरीन’ला माझगावला ओढून झापांखाली ठेवत, आणि चोरीच्या भीतीनं शेट मला पिशवीत घालून आपल्याबरोबर लोणावळ्याच्या बंगल्यावर आणत. मग चार महिने मी जेवणाची घंटा. समुद्रावर जन्म काढलेलीनं वरणभात वाढल्याची वर्दी द्यायची म्हणजे कमीपणाच. पण इथेच मला नथू भेटला.

नथू बंगल्याचा माळी. पुढे शेटना त्याच्या हातचं जेवण आवडलं, तेव्हा स्वयंपाकही त्याच्याकडेच आला. त्याची बायको झुंबरबाई भांडी घासायची, झाडलोट करायची. त्याचा बाप रखमाजी रोज सकाळी कुरवंड्याहून दूध घेऊन यायचा. दर शनिवारी नथू मला चिंच आणि राख लावून घासायचा, आणि घासताना प्रश्न विचारायचा. मला नव्हे, शेटना. समुद्राला पलीकडचा काठ असतो का, त्यातलं पाणी रात्री कुठे जातं, असलं काहीबाही. पाऊस सरला की नागफणीच्या कड्यावरून खाली कोकण दिसतं आणि त्याच्या पार टोकाला एक चकाकती रेघ दिसते. ती समुद्राची, असं नथू म्हणे. ते भातखाचरातलं पाणी आहे, असं रखमाजी म्हणे. बापलेकांचा हा वाद दरवर्षी व्हायचा.

आता धुक्याची रीत सांगते. ती नीट लक्षात घ्या.

घाटमाथ्यावर आषाढात धुकं उतरलं की पुढे केलेल्या हाताची बोटं दिसत नाहीत, आणि कडा कधी पाच पावलांवर असतो. म्हणून कुरवंड्यात पोरं चालायला लागली की त्यांना शिकवतात : धुक्यात वाट चुकली तर खाली बस. असशील तिथंच बस. हाक ऐकू आली की उलट कूक दे, पण उठू नको. शोधणारा तुझ्याकडे येईल. जो उठला तो गेला. गावातल्या म्हाताऱ्यांना अशी उठलेल्यांची नावं पाठ आहेत.

एका आषाढात झुंबरबाईच अशी अडकली. शेळी शोधायला गेली आणि धुकं आलं. नथूनं आधी माझी दोरी धरून मला दणदणा वाजवलं, म्हणजे तिला कळावं की माणसं निघाली. मग तो काठी घेऊन गेला. दूरवरून तिची कूक येत होती, एकाच जागेवरून, न चुकता. तासाभरानं दोघं परत आली. शेट रागावले, भीती कशी वाटली नाही म्हणाले. झुंबरबाई पदर पिळत म्हणाली, “घंटा आयकली. मंग भ्या कशाचं? येनार म्हाईत व्हतं.”

त्या दिवशी मी फार खूश होते.

१९२७ सालच्या माघात बोटीवरचा स्वयंपाकी आजारी पडला आणि शेटनी नथूला बोलावून घेतलं. रखमाजीनं नको नको म्हटलं. झुंबरबाईनं शिदोरी बांधताना त्याला ती रेघ नीट बघून यायला सांगितलं. हे नथूनंच मला घासताना सांगितलं. आता तो माझ्याशीही बोलायला लागला होता.

बोट सुटायला दोन दिवस होते आणि माझा लोलक झिजला होता. तो बदलून आणायला ताजुद्दीन आणि नथू निघाले. मला नथूनं फडक्यात गुंडाळून काखेत घेतलं. अशी मी त्याच्याबरोबर ते बंदराचं शहर पाहिलं, म्हणजे फडक्याच्या फटीतून जेवढं दिसलं तेवढं. भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, मशीद बंदराकडे खारकांची पोती आणि गुळाच्या ढेपा, गोदीत दुमजली घराएवढ्या आगबोटी. अरबी पडावांतून उतरलेले घोडे पाहून नथू रस्त्यातच थांबला. माणसं त्याला धक्के देऊन जात होती, पण त्याला भान नव्हतं. ताजुद्दीन हसत उभा राहिला.

नथू म्हणाला, “तांडेल, असं वाटतंय हितंच ऱ्हावं.”

एवढं ऐकून ताजुद्दीन ओताऱ्याचं दुकान शोधायला पुढे गेला. मागे राहिलेला नथू काखेतल्या मला म्हणाला, “पर झुंबरला दावल्याबिगर न्हाई.” हे दुसरं वाक्य माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही. पहिलं मात्र ताजुद्दीननं शेटना गमतीनं सांगितलं, आणि ते शेटच्या ध्यानात राहिलं.

मग आम्ही निघालो. ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. बेटामागून बेट. घारापुरीला शेटनी नथूला लेणी दाखवली, तर तो म्हणाला, आमच्याकडंबी हाईत, भाज्याला आन् कार्ल्याला, पर तितं होडीनं जावं लागत न्हाई. खांदेरीला एक मोठा धोंडा आहे, ठोकला की धातूसारखा वाजतो. नथूनं तो चार वेळा वाजवला आणि परत येऊन मला सांगितलं की तुला जोड भेटली. मला राग आला. दगडाशी बरोबरी कुणाला आवडेल? पण त्यानं मला त्या दिवशी दुप्पट घासलं, तेव्हा गेला.

त्याला बोट लागली नाही याचं ताजुद्दीनला फार नवल वाटलं. ‘शिरीन’च्या मागे एक छोटी होडी बांधलेली असायची, किनाऱ्यावर जायला यायला. ताजुद्दीननं त्याला ती वल्हवायला शिकवली. तीन दिवसांत तो सरळ वल्हवायला लागला आणि सहाव्या दिवशी खलाशांना बाजूला सारून स्वतः पाणी आणायला जाऊ लागला.

आठव्या दिवशी आम्ही जंजिऱ्याच्या आतल्या अंगाला, राजपुरीच्या खाडीत नांगर टाकला. दुसऱ्या दिवशी उजाडताना नथू गोड्या पाण्याचा हंडा घेऊन होडीतून किनाऱ्यावर गेला. तेव्हा आकाश स्वच्छ होतं. परत येताना तो निम्म्या वाटेवर होता, आम्ही त्याला पाहत होतो, आणि खाडीच्या तोंडाकडून धुकं आलं. थोड्याच वेळात किल्ला गेला, किनारा गेला, होडी गेली. वारा मुळीच नव्हता. ओहोटी लागली होती, आणि त्या खाडीची ओहोटी ओढीची असते.

शेटनी पुस्तक उघडलं. धुक्यात नांगरावर असलेल्या बोटीनं दर मिनिटाला घंटा वाजवावी. ते स्वतः माझ्या दोरीशी उभे राहिले आणि त्यांनी मला वाजवलं.

धुक्यातून लगेच उत्तर आलं. कूऽऽ.

शेटच्या चेहऱ्यावर हसू आलं. ऐकलं त्यानं, येईल आता, असं ते म्हणाले. मिनिटानं त्यांनी पुन्हा वाजवलं. पुन्हा कूऽऽ. पण आवाज जवळ आला नव्हता. किंचित डावीकडे सरकला होता.

मला तेव्हाच कळलं. त्या बोटीवर दोन्ही रिती ठाऊक असलेली मी एकटी होते. समुद्रावरची रीत अशी की घंटा वाजली म्हणजे तू इकडे ये. कुरवंड्याची रीत अशी की घंटा वाजली म्हणजे आम्ही निघालो, तू बस. नथूनं माझा आवाज ऐकला होता, ओळखला होता. याच घंटेनं त्यानं बायकोला सांगितलं होतं की येतोय. त्यानं वल्ही आत घेतली असणार आणि तो बसला असणार. भोवती सगळं पांढरं. खालचं पाणी आपल्याला घेऊन चाललंय हे कळायला दिसायला काही नव्हतं. आम्ही त्याची वाट बघत होतो आणि तो आमची.

ताजुद्दीन कठड्याशी जाऊन ओरडत होता, “वल्हव, नथू, वल्हव!” पण शेट घड्याळाकडे बघून मला वाजवत होते. माझा आवाज मोठा. ताजुद्दीनचे शब्द त्यात बुडून गेले. धुक्यापलीकडे गेलं ते फक्त माझं ठणठणणं. मला त्या क्षणी तडकून दोन तुकडे व्हावंसं वाटलं. पण मला चांगलं ओतलं होतं.

मग ताजुद्दीन धावत मागे आला. नांगर उचलू या म्हणाला. ओहोटीबरोबर आपणही जाऊ, तो ज्या वेगानं जातोय त्याच वेगानं, म्हणजे अंतर तरी वाढणार नाही. आपल्याकडे दुसरी होडी नाही, दुसरा उपाय नाही. शेटनी मान हलवली. आजूबाजूला खडक आहेत, धुक्यात नांगर उचलू नये असं स्पष्ट लिहिलंय, सगळे मरू. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. ताजुद्दीन त्यांचा नोकर होता. त्यानं नांगराला हात लावला नाही.

मी वाजत राहिले. दर वेळी उत्तर आलं. आधी स्पष्ट, मग बारीक, मग कान देऊन ऐकावं लागेल असं. तो एकदाही चुकला नाही. शेवटी एकदा मी वाजले आणि उत्तर आलं नाही. शेट त्यानंतरही बराच वेळ मला वाजवत होते.

उन्हं वर आली तेव्हा धुकं उठलं. समुद्र स्वच्छ, रिकामा. वारा आल्यावर आम्ही संध्याकाळपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. तिसऱ्या दिवशी कोळ्यांनी होडी आणून दिली. ती बाहेर खोल पाण्यात एकटीच तरंगत होती. उलटलेली नव्हती. हंडा भरलेला होता. वल्ही आत, शेजारी शेजारी आडवी ठेवलेली. नथू नव्हता. माझा आवाज येईनासा झाला तेव्हा बघायला तो उठून उभा राहिला असेल आणि तोल गेला असेल, एवढंच मला सुचतं.

आठवड्याच्या आत शेट मला पिशवीत घेऊन लोणावळ्याला आले. व्हरांड्यात त्यांनी रखमाजीला आणि झुंबरबाईला बोलावलं. होडी कशी सापडली ते सांगितलं. बुडाला असता तर होडी उलटली असती, वल्ही इकडेतिकडे गेली असती. त्यानं ती नीट ठेवली, म्हणजे तो जाणाऱ्या एखाद्या पडावात चढला आणि मुंबईला गेला. त्याला ते शहर फार आवडलं होतं, इथंच राहावं असं म्हणालाही होता. पोलिसांनीही तसंच लिहून घेतलंय, परत येईल. कूकेबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटतं, तेवढ्या दिवसांत तेच तेच स्वतःला सांगून त्यांचा त्यावर विश्वास बसला होता. नांगर न उचललेल्या माणसाला काहीतरी धरून जगावं लागतं.

वल्ही आत होती हे ऐकलं तेव्हा रखमाजीनं एकदम मान वर केली. मग तो हळूच म्हणाला, “व्हय. याड लागलं आसंल त्याला ममईचं.”

झुंबरबाईनं आत जाऊन भांडी घासायला घेतली.

‘शिरीन’ विकली गेली. मी व्हरांड्यातच राहिले. पुढची तीन वर्षं मी जे पाहिलं ते कुणावर येऊ नये. दर काही महिन्यांनी एखादी बातमी यायची. कुणीतरी नथूला मशीद बंदरात पोती वाहताना पाहिलं. कुणी म्हणालं, तो आता अंगानं भरलाय. कुणी म्हणालं, त्यानं दुसरी बाई ठेवलीय. या बातम्या रखमाजी दुधाबरोबर घेऊन यायचा आणि सुनेला सांगायचा. सांगताना त्या म्हाताऱ्याचा चेहरा उजळायचा. मुलाची अब्रू जात होती आणि बापाला आनंद होत होता, हे मला आधी कळेना. मग कळलं. बाई ठेवायला माणूस जिवंत असावा लागतो.

झुंबरबाई ऐकून घ्यायची. पाणवठ्यावर तिला टाकलेली म्हणायचे, माहेरचे बोलवायचे बंद झाले. कपाळावरचं कुंकू तेवढं ती रोज न चुकता लावायची. ते नवऱ्याच्या नावाचं होतं की लोकांच्या नाकावर टिच्चून लावलेलं, मला सांगता येत नाही.

१९३० च्या पावसाळ्यात शेट अंथरुणाला खिळले आणि त्यांना भेटायला ताजुद्दीन आला. थकला होता, दाढी पांढरी झाली होती. शेट झोपले होते म्हणून तो व्हरांड्याच्या पायरीवर बसला. त्यानं मला पाहिलं आणि लगेच नजर वळवली. झुंबरबाईनं त्याला चहा आणून दिला. तिनं त्याला पूर्वी पाहिलं नव्हतं, पण हातावरच्या दोरखंडाच्या घट्ट्यांवरून ओळखलं असावं.

“तांडेलभाऊ तुमी?”

त्यानं मान डोलावली.

“येक इचारू का? त्या दिशी धुकं व्हतं म्हनं.”

“होतं.”

“हाक दिली व्हती का त्यानं?”

ताजुद्दीननं चहाचा कप खाली ठेवला. आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. “दिली होती बाई. प्रत्येक घंटेला देत होता.”

“किती येळ?”

“ऐकू येत होतं तोवर.”

“आन् तुमी?”

“आम्ही घंटा वाजवत होतो,” ताजुद्दीन म्हणाला. मग तो ओंजळीत तोंड घालून रडायला लागला. वल्हव म्हणून ओरडलो, त्यानं का वल्हवलं नाही हे मला तीन वर्षं कळलं नाही, असं तो सांगत होता. नांगर उचलायला हवा होता, मालकाचं ऐकायला नको होतं, असं सांगत होता.

झुंबरबाईनं त्याला धुक्याची रीत सांगितली. शांतपणे, लहान मुलाला सांगावी तशी. सांगून झाल्यावर म्हणाली, “वल्ही आत ठिवून बसला आसंल. आमी बसतो.”

ताजुद्दीनला जे कळत नव्हतं ते आता कळलं होतं, आणि कळल्यानं त्याचं दुःख कमी झालं असं दिसलं नाही. शेटना न भेटताच तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रखमाजी दूध घेऊन आला तेव्हा झुंबरबाई माझ्याखालीच उभी होती. तिचं कपाळ पांढरं होतं. म्हाताऱ्याच्या हातातली चरवी कलंडली, दूध पायरीवरून वाहत गेलं. अगं हे काय केलंस म्हणाला. बारा वर्षं वाट बघायची रीत असते म्हणाला. मग तिचा हात धरून आवाज खाली केला.

“ऱ्हाऊ दे पोरी. पळालाय आसंच ऱ्हाऊ दे.”

“मामंजी, तुमाला ठावं व्हतं.”

तो खाली बसला. “वल्ही आत व्हती म्हनाले तवाच समाजलं,” तो म्हणाला. “म्याच शिकिवलं व्हतं त्याला बसायला. कुनाला सांगू?”

झुंबरबाई त्याच्याशेजारी बसली. “तो पळाला न्हाई. त्यानं त्याचं काम क्येलं. जानाऱ्यांनी जायला पायजे व्हतं. कुनी गेलंच न्हाई, मामंजी.”

दारात शेट उभे होते. काठीवर भार देऊन, अंगावर शाल. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी पुस्तकाप्रमाणे केलं, असं काहीतरी ते पुटपुटले. मग त्यांनी दोघांपुढे हात जोडले. झुंबरबाई उठली, तिनं त्यांना आत नेऊन निजवलं, आणि मग पायरीवरचं दूध पुसायला आली. क्षमा केली की नाही ते तिचं तिला माहीत. त्याच वर्षी थंडीत शेट वारले. रखमाजी त्यानंतर चार वर्षं होता. त्यानं गावातल्या घराघरात जाऊन खरं काय ते सांगितलं. काहींनी ऐकलं. काहींना मुंबईतल्या बाईची गोष्टच जास्त आवडली होती.

आता बंगल्याचे मालक दुसरे आहेत. लढाईचे दिवस आहेत, मुंबईची माणसं इकडे येऊन राहतात, आणि व्हरांडा नेहमी भरलेला असतो. बोटीवरची जुनी घंटा म्हणून मला पाहुण्यांना दाखवतात. हौसेनं कुणी वाजवून बघतं. माझ्या अंगावरचं नाव अर्धं झिजलंय.

गेल्या आषाढात एक पाहुणी बाई नागफणीकडे फिरायला गेली आणि धुकं उतरलं. सगळे घाबरले. मालकांनी माळ्याला माझी दोरी दिली आणि वाजवत राहायला सांगितलं, आवाजाच्या रोखानं ती येईल म्हणाले. मग सगळे व्हरांड्यात खुर्च्या ओढून बसले. मी वाजले. कड्याच्या बाजूनं बारीक आवाजात कुणीतरी ओ दिली. ऐकलं तिनं, येईल आता, असं एक जण म्हणाला.

हेच शब्द मी पूर्वी ऐकले होते. माळी वाजवत होता, मी वाजत होते, आणि ती ओ हळूहळू सरकत होती. ती बाई शहरातली. तिला बसायचं ठाऊक नव्हतं. ती चालत होती, आणि कडा तिथेच होता.

मग ती ओ थांबली. माळ्याचा हात तेवढा चालू होता.

किती वेळ गेला कोण जाणे. फाटकाशी धुक्यातून दोन माणसं आली. पुढे झुंबरबाई, डोक्यावर घोंगडं, हातात काठी. मागे ती पाहुणी, तिचा हात झुंबरबाईच्या मुठीत घट्ट. घंटा कुरवंड्याच्या वाटेवर ऐकू आली होती, आणि पाठोपाठ त्या बाईची ओ. झुंबरबाई इथलं भांडीकाम आटोपून घरी जात होती ती तशीच कड्याकडे वळली. बाई कड्यापासून चार पावलांवर सापडली. पाहुणीला पायरीवर सोडून झुंबरबाई माझ्याकडे आली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी हात लावला नव्हता. तिनं माझा लोलक मुठीत धरला आणि मी गप्प झाले.

“वाजवून काय व्हतंय?” ती खुर्च्यांकडे बघून म्हणाली. “ती तिकडं वरडत व्हती. येकालाबी उटावं वाटलं न्हाई?”

ती घोंगडं सारखं करून निघून गेली. आता धुकं उतरलं की ती घरात थांबत नाही, असं माळी सांगतो. नथूला शोधायला जाते, असं लोक म्हणतात. ते खरं नाही. नथू कुठे आहे ते तिला कळलेलं आहे. ती जाते कारण कुणीतरी बसलेलं असेल.

मी कांशाची आहे, अजून पुष्कळ वर्षं टिकेन. तुम्ही मला वाजवाल आणि मला वाजावं लागेल. एकच मागणं आहे. धुक्यातून कुणी उलट हाक दिली, तर ती हाक तुमच्यापर्यंत पोचली एवढ्यावर समाधान मानू नका. मी फार लांब ऐकू जाते, पण मला कुणाचा हात धरून आणता येत नाही. माझी दोरी सोडा, काठी घ्या, आणि त्याच्याकडे जा. तो तुमच्या भरवशावर बसलेला आहे.